भाभींच्या प्रबंधातली माझी तळटीप

फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे पुस्तकाचं नाव, उजवीकडे त्याचं आशयसूत्र. आधुनिक साहित्य शिकवण्याची ही माझी पद्धत, आणि एम.ए.च्या मुलांमध्ये ती 'मॅडमचा तक्ता' म्हणून ओळखली जाते. ही कादंबरी म्हणजे तुटलेपण, ते नाटक म्हणजे घुसमट, हा कथासंग्रह म्हणजे महानगरी एकाकीपण. लिहिणाऱ्याने पाच-सात वर्षं घासून लिहिलेलं पुस्तक मी एका शब्दात गुंडाळते, मुलं तो शब्द वहीत उतरवतात आणि खाली दोन रेघा मारतात. परीक्षेत हमखास गुण मिळतात. मला या तक्त्याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते. पुढचं समजायला सोपं जाईल.

पनवेलमध्ये मराठी शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. आठवडाभर नेहमीचं कॉलेज आणि रविवारी सकाळी दूरशिक्षणाचा एम.ए.चा वर्ग. या रविवारच्या वर्गावरून मी घरी नवऱ्याकडे सतत कुरकुर करायचे. तो पेपर वाचत चहा पीत बसलेला असायचा आणि मी सुकापूरहून स्कूटर काढून निघालेली. पण खरं सांगायचं तर आठवड्याच्या सगळ्या वर्गांत मला हाच आवडायचा. इथे कोणाला आईबापांनी ढकलून पाठवलेलं नसायचं. बँकेतला एक कारकून होता, दोन प्राथमिक शिक्षक होते, करंज्याहून दोन वाहनं बदलून येणारी एक कोळ्यांची मुलगी होती. ती पहिल्याच दिवशी उभी राहून म्हणाली होती, "मॅडम, जरा हलू सांगा. तुमी जाम जोरान जाता." वर्ग हसला, मीही हसले, आणि पुन्हा त्याच वेगाने पुढे गेले.

आणि त्या वर्गात भाभी होत्या.

सगळे त्यांना भाभी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. वय बेचाळीस-त्रेचाळीस. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातलं कोकणी मुसलमान घर. काळा बुरखा, चेहरा उघडा, चष्मा, आणि पहिल्या बाकावरची भिंतीकडची जागा कायमची त्यांची. नवरा कुवेतला, एकोणीस वर्षांपासून. दोन वर्षांतून एकदा महिना-सव्वा महिना घरी यायचा. घरात सासूबाई, जाऊ, जावेची मुलं आणि भाभींची एक मुलगी. शाळा मराठी माध्यमातली. लग्नानंतर पंधरा वर्षांनी त्यांनी बाहेरून बी.ए. केलं आणि तिथे न थांबता एम.ए.चा फॉर्म भरला.

पहिल्या ओळखीतच त्या मला म्हणाल्या, "मॅडम, बाकीचे पेपर मी करीन, इन्शाल्ला पासही होईन. पण प्रबंध मला माझ्या अकलेने लिहायचाय. आतापर्यंत सगळं दुसऱ्याचंच लिहीत आले. परीक्षेत गाईडमधलं, घरात सासूबाई सांगतील ते. एक तरी गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली कागदावर पाहिजे, खाली माझं नाव पाहिजे. मग पुढे पीएच.डी.चं बघू."

मी हसून म्हटलं, "लिहा की. तुम्हाला कोण अडवतंय?"

त्या वर्षी अभ्यासक्रमात एक दोन अंकी नाटक होतं. त्याचं नाव मी इथे घालत नाही. घातलं तर कुठलं वर्ष, कुठलं केंद्र, कुठल्या बाई, हे ओळखणारे लगेच ओळखतील. या लिखाणातही मी किती सावध आहे ते बघा. तर, नाटक असं. बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाची बायको एका खोलीत राहते. रोज संध्याकाळी ती दोन ताटं मांडते, एक स्वतःचं आणि एक त्याचं. पहिला अंकभर हेच. दुसऱ्या अंकात तो कायमचा परत येतो, त्या ताटावर बसतो, जेवायला लागतो, आणि ती रडायला लागते. पडदा.

माझ्या तक्त्यात या नाटकासमोर 'घुसमट' होतं. वर्षानुवर्षं होतं. मी फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं, आणि मी पुढच्या नाटकाकडे वळणार तेवढ्यात भाभींनी हात वर केला.

"मॅडम, ती शेवटी का रडते?"

"इतक्या वर्षांची कोंडी फुटते ना," मी म्हटलं. "आनंद, दुःख, सगळं एकदम बाहेर येतं."

"तसं नाही वाटत मला," भाभी म्हणाल्या. एरवी त्या मला कधी उलट बोलायच्या नाहीत. "ती वाट बघत नाहीये, मॅडम. वाट बघणं हे तिचं काम आहे. जसं झाडू मारणं, तसं. शेजारच्या बायका बघतात ना, ताट मांडलं की नाही. नाही मांडलं तर बोलतील. म्हणून ती मांडते. करून करून त्यात हुशार होते. मग नवरा येतो आणि तिचं कामच सुटतं. आता संध्याकाळी करायचं काय? कोणाची नोकरी गेली तर माणूस रडेल की नाही? पण हे तिला सांगता येत नाही कोणाला. नवरा आला म्हणून रडते, हे कसं सांगणार?"

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघायला लागला. भाभींना वाटलं की आपण जास्त बोललो. त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या, "मी यांचे शर्ट दर महिन्याला कपाटातून काढून धुते, इस्त्री करून परत ठेवते. कोणी घातलेलेच नसतात. पण जाऊ बघते, सासूबाई बघतात. चांगली सून म्हणतात. आता मला ते शर्ट धुवायला आवडतातसुद्धा. यांची आठवण येते म्हणून नाही, शर्ट धुवायचे असतात म्हणून."

करंज्याची मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "भाभी, तुमी एकदम बरोबर बोलल्या."

मी काय केलं असेल? शिकवायला लागल्यापासून त्या नाटकाबद्दल इतकं खरं मी कोणाकडून ऐकलं नव्हतं. समीक्षेच्या पुस्तकांत नव्हतं, माझ्या गुरूंकडून नव्हतं. आणि मी म्हटलं, "छान आहे, भाभी. पण परीक्षेत असं लिहू नका हं. तपासणारा तक्त्यातला शब्द शोधतो."

"बरं, मॅडम," त्या म्हणाल्या. आणि वहीत 'घुसमट' लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर मी माझी डायरी काढली आणि शेवटच्या पानावर लिहून ठेवलं : वाट बघणं हे तिचं काम आहे. नवरा आला, काम सुटलं. चोरी करायची म्हणून लिहिलं नव्हतं, हे मी कितीतरी वेळा स्वतःला सांगितलंय. आवडलं म्हणून लिहिलं होतं. पण त्या ओळीपुढे मी भाभींचं नाव लिहिलं नाही, हेही खरं आहे.

त्याच वर्षी माझी बढती अडली होती. एक शोधनिबंध कमी पडत होता. आमच्या धंद्यात हे असंच असतं. शिकवता किती आणि कसं, हे कोणी विचारत नाही. छापील निबंध किती, एवढंच बघतात. कोकणातल्या एका कॉलेजात आधुनिक नाटकावर चर्चासत्र होतं, तिथे मी नाव देऊन ठेवलं होतं. दोन रविवार दुपारी मी कोरे कागद पुढे घेऊन बसले. घुसमट, कोंडी, तुटलेपण, माझा सगळा तक्ता पालथा घालून झाला. मला नवं काही सुचत नव्हतं, कारण कितीतरी वर्षांत मी काही नवं वाचलंच नव्हतं. जे वाचलं होतं ते पुन्हा पुन्हा शिकवत होते. शेवटी डायरीचं ते पान उघडलं.

मग मात्र चार दिवसांत निबंध झाला. 'प्रतीक्षा : एक अदृश्य गृहश्रम'. भाभींनी साध्या मराठीत जे दोन मिनिटांत सांगितलं होतं, ते मी चौदा पानांत जड करून मांडलं. शर्ट तेवढे गाळले. शर्ट घातले असते तर ते कोणाचे, हे सांगावं लागलं असतं. लिहिताना मनाची समजूत घालायला पुष्कळ काही होतं. वर्गात झालेली चर्चा ही शेवटी शिक्षकामुळेच होते. त्यांनी नुसती कल्पना दिली, सिद्धान्त मी रचला. त्यांना तरी या चर्चासत्राचा काय उपयोग होता? निबंधाच्या शेवटी संदर्भसूचीत तेवीस पुस्तकं होती. त्यातली निम्मी मी फक्त चाळली होती, पण सगळ्यांची नावं होती.

चर्चासत्रात अध्यक्षस्थानी एक निवृत्त प्राध्यापक होते. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे आणि घाबरायचे. दुसऱ्याचं उचललेलं त्यांना लांबून दिसतं, अशी त्यांची ख्याती. माझा निबंध संपल्यावर ते उठून म्हणाले, "या नाटकावर ढिगाने लिहिलं गेलंय. पण हे कोणाला दिसलं नव्हतं. आज बाईंनी दाखवलं." टाळ्या पडल्या. मी हात जोडले आणि हसले. मला खरंच आनंद झाला होता. त्याची लाज आज जास्त वाटते.

निबंध चर्चासत्राच्या पुस्तकात छापून आला, बढती झाली, आणि एका रविवारी मी वर्गात पेढे वाटले. भाभींनी दोन घेतले. "एक सासूबाईंना," म्हणाल्या. "मुबारक हो, मॅडम. तुमची प्रगती म्हणजे आमची प्रगती." तो डबा हातात धरून मी मागच्या बाकाकडे गेले.

दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. मार्गदर्शक मी. भाभींनी विषय घेतला होता आधुनिक नाटकातल्या घरात राहिलेल्या बायका. एकेक प्रकरण हाताने लिहून आणायच्या, सुबक अक्षरात, समास सोडून. तिसरं प्रकरण मी केबिनमध्ये बसून वाचायला घेतलं आणि चौथ्या पानावर ते होतं. वाट बघणं हे तिचं काम आहे. नवरा येतो आणि तिचं काम सुटतं. पुढे शर्टांचा परिच्छेद, एका ओळखीच्या बाईचा अनुभव म्हणून. माझ्या चौदा पानांपेक्षा ती दीड पानं चांगली होती.

लाल पेन हातात होतं. त्यांना सांगायला हवं होतं की हे मी आधीच छापून बसले आहे. खाली माझा संदर्भ द्या, असं सांगणं निर्लज्जपणाचं होतं. हे काढून टाका, असं सांगणं त्याहून वाईट. खरं सांगणं हा एकच सरळ रस्ता होता, आणि तो मला नको होता. मी तीन स्वल्पविराम दुरुस्त केले, समासात 'उत्तम' लिहिलं आणि वही परत दिली. चर्चासत्रांची पुस्तकं कोण वाचतंय, असं मनाशी म्हटलं. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. प्रबंध टाइप होऊन बांधून आला तेव्हा पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर मी सही केली. हे लेखन विद्यार्थिनीचं स्वतःचं आणि स्वतंत्र आहे, असं त्यात असतं. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं तेवढं एकच विधान खरं होतं.

तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून सरांचं नाव आलं. मला आठवडाभर आधी कळलं होतं. त्या आठवड्यात मी भाभींना तीनदा भेटले.

सकाळी अकराची वेळ होती. विभागाच्या खोलीत आम्ही तिघंच. सरांनी सुरुवातीला दोन-चार किरकोळ प्रश्न विचारले, भाभींनी धीटपणे उत्तरं दिली. मग सरांनी खूण घातलेलं पान उघडलं.

"तिसरं प्रकरण," ते म्हणाले. "चांगलं आहे. फारच चांगलं आहे. फक्त हे तुमचं नाही."

भाभींनी ते पान बघायला मान पुढे केली.

"हे तुमच्या मॅडमचं आहे. त्यांनी हा निबंध वाचला तेव्हा मी अध्यक्ष होतो. शब्द तुम्ही सोपे केलेत, पण विचार तोच आहे. आणि संदर्भसूचीत निबंधाचं नावसुद्धा नाही. आपल्याच मार्गदर्शिकेचं उचलायचं आणि तिचंच नाव गाळायचं, याला काय म्हणायचं?"

भाभींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, केविलवाणंही नाही. मी वर्गात प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत मुलांकडे बघत राहते, तसं बघत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, एवढा वेळ होता. एवढ्या वेळात एक वाक्य सहज बोलून होतं.

मी म्हटलं, "सर, संदर्भ द्यायचा राहून गेला असेल त्यांचा. पहिलाच प्रबंध आहे. सांभाळून घ्या."

गप्प बसले असते तरी चाललं असतं. गप्प बसणं निदान भित्रेपणा म्हणून खपलं असतं. मी वर दया दाखवली. सर खुश झाले. "तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, बाई," ते मला म्हणाले. मग भाभींकडे वळून, "शिका यांच्याकडून."

"चुकलं, सर," भाभी म्हणाल्या. "घालते."

सरांनी नापास केलं नाही, पण गुण असे कापले की पहिला वर्ग गेला. तीन दिवसांनी भाभी ते पान बदलून, प्रबंध पुन्हा बांधून घेऊन आल्या. शर्टांचा परिच्छेद काढला होता. वाट बघण्याच्या वाक्यावर बारीक आकडा होता आणि पानाच्या तळाशी तळटीप : ही कल्पना आमच्या मार्गदर्शिकेच्या निबंधातून घेतली आहे. पुढे माझं पूर्ण नाव, निबंधाचं नाव, पुस्तकाचं नाव, पृष्ठ क्रमांक. सगळं मी शिकवलं होतं त्या क्रमाने.

"बरोबर आहे ना, मॅडम?"

मी पान निरखून बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले.

पीएच.डी.च्या फॉर्मसाठी त्या आल्या नाहीत. निकालाचा कागद त्यांची मुलगी येऊन घेऊन गेली. मी तिला विचारलं, अम्मी कशी आहे? मजेत, ती म्हणाली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. मग सत्र सुरू झालं, कामं निघाली, आणि मी तो राग कामाखाली दडपून टाकला. त्यात मी पटाईत आहे.

अशी चार वर्षं गेली. त्यांच्या घरापासून माझं कॉलेज चालत पंधरा मिनिटं. या चार वर्षांत भाजीला, कापडाला, कशाकशाला मी त्या बाजूला गेले, पण मोहल्ल्याच्या तोंडाशी आले की रस्ता बदलायचे.

या वर्षी करंज्याची ती मुलगी एस.टी. स्टँडवर भेटली. आता ती उरणकडच्या एका शाळेत शिकवते आणि प्राध्यापकीच्या परीक्षेची तयारी करते. खूप बोलली. आणि बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, तुमचा तो निबंध आमच्या यादीत हाय. वाचला मी. असा तर भाभी बोलल्या होत्या ना वर्गात? ताटाचा? आमी होतो की तेवा."

ती भांडायला आली नव्हती. तिला नुसतं आठवलं होतं, आणि आठवलं याचा आनंद झाला होता.

"हो का?" मी म्हटलं. "मला नाही आठवत."

"असा होय," ती म्हणाली. तिची बस लागली आणि ती गेली. मी तिथेच उभी राहिले. एकदा खोटं बोलले होते त्याला निदान घाबरल्याचं कारण होतं. आता या पोरीसमोर मला कसली भीती होती? ती माझं काय वाकडं करणार होती? खोटं बोलणं माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते विचार न करता तोंडातून बाहेर आलं. त्या क्षणी मला माझी अक्षरशः किळस आली.

पुढच्या रविवारी वर्ग संपवून मी सरळ मोहल्ल्यात गेले. दार भाभींच्या नवऱ्याने उघडलं. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पिकलेली दाढी, लुंगी, बनियनवर घाईघाईने चढवलेला शर्ट. नाव सांगितल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. "अरे, मॅडम! या, या. तुमचं नाव या घरात रोज निघतं. आता मी कायमचा आलोय, गेल्या वर्षापासून. अल्लाचं शुक्र." त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, आत हाक मारली, आणि जोहरच्या नमाजाची वेळ झाली म्हणून टोपी घेऊन मशिदीकडे निघाले. "जेवल्याशिवाय जायचं नाही," दारातून बजावून गेले.

भाभी कोळंबीची परात घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. "हात थांबवत नाही, मॅडम, राग मानू नका. हे आले की जेवण लागतं." जरा बारीक झाल्या होत्या. बाकी तशाच.

मी सगळं सांगितलं. डायरी, निबंध, बढती, पेढे, लाल पेन, सरांचं नाव आधी कळलेलं. काहीही गाळलं नाही. बोलता बोलता मी रडायला लागले. त्याचीही मला लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता. भाभी कोळंबी सोलत राहिल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"ते पुस्तक आपल्या लायब्ररीत आलं तेव्हापासून. मी तिथेच बसून वाचलं. प्रबंध लिहायच्या आधी."

मला क्षणभर काही समजलंच नाही. "आधी? मग तुम्ही ते तसंच का लिहिलंत? कोणीतरी पकडेल, हे..."

"पकडावं म्हणूनच," भाभी म्हणाल्या. "मी उठून सांगितलं असतं, हे माझं आहे, मॅडमनी घेतलं, तर कोणी ऐकलं असतं? म्हणून तसंच लिहिलं. वाटलं, तुम्ही वाचाल तेव्हा बोलाल. नाही बोललात. मग वाटलं, परीक्षेत कोणी विचारेल तेव्हा बोलाल. सरांनी विचारलं तेव्हा मी अगदी निर्धास्त होते, मॅडम. म्हटलं, आता सांगतील."

त्यांनी पुढची कोळंबी उचलली. मी पदराने तोंड पुसलं आणि भराभर बोलायला लागले. संपादकांना पत्र लिहिते. सरांना लिहिते. विद्यापीठाला लिहिते, तुमचे गुण परत मिळोत न मिळोत. निबंधावर तुमचं नाव घालायला लावते. उद्याच.

भाभींचे हात पहिल्यांदा थांबले.

"नको, मॅडम."

"का? मला काय व्हायचं ते होऊ दे."

"तुमचं नाही म्हणत मी." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे आले ना, पहिले दोन महिने घरात बसून कंटाळले. मग माझा प्रबंध काढला आणि वाचायला लागले. सगळा वाचला, कौतुकाने. तिसऱ्या प्रकरणावर थांबले. मला बोलावलं आणि विचारलं, नवरा आला आणि तिचं काम सुटलं म्हणून ती रडते, हे तू लिहिलंस?"

"मग?"

"मी म्हटलं, खाली बघा. मॅडमचं आहे ते." भाभींनी परातीतली साल बाजूला सारली. "मग हसले. म्हणाले, बिचाऱ्या. तुझ्या मॅडमचा नवरापण परदेशात असतो काय? मी म्हटलं, हो, असतो."

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला.

"आता ते तुमचंच राहू दे," भाभी म्हणाल्या आणि परात उचलून जरा मागे सरकल्या.

ते आत आले. येताना माझ्यासाठी थंड सरबताची बाटली घेऊन आले होते. माझे लाल डोळे त्यांना दिसले असावेत. समोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि अगदी मायेने, मोठ्या भावाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, साहेब आता कधी येतात?"

माझा नवरा त्या वेळी सुकापूरच्या घरात जेवायला खोळंबून बसला होता.

"दिवाळीला येतात," मी म्हणाले.